पाषाणाचे वऱ्हाड

परळीला जाणारा मनुष्य बहुधा एका दिवसाच्या बेताने जातो. सकाळच्या गाडीने उतरावे, वैजनाथाच्या पायऱ्या चढाव्यात, पिंडीवर बेल वाहावा, प्रसादाची पुडी बांधून घ्यावी, पोरांसाठी बाजारातून एखादे खेळणे घ्यावे आणि संध्याकाळच्या गाडीने परतीची वाट धरावी. पुण्य पदरात पडते आणि रजाही वाचते. या हिशेबात खोट काढावी असे काही नाही. पण रजा आणखी दोन दिवस लांबवता आली आणि घरची मंडळी राजी असली, तर परळीच्या आसपास जे पाहायला मिळते त्यासाठी एरव्ही माणसे समुद्र ओलांडतात.

दिवाळी अंक चाळावा तर दर वर्षी कोणी ना कोणी रोम पाहून आलेला असतो, कोणी अथेन्स. भूमध्य समुद्रातल्या सिसिली आणि क्रीट या बेटांवरचे पडके खांब, ओसाड नाट्यगृहे, मातीखालून निघालेली रांजणे यांचे वर्णन आपण फराळाच्या ताटाशी बसून आवडीने वाचतो. त्यात गैर काय आहे? परंतु बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या नकाशावर बोट फिरवले तर त्या बेटांशी दोन हजार वर्षांपूर्वी देवघेव केलेले एक गावही सापडते. तिथपर्यंत आपण जाणारच आहोत. आरंभ मात्र वैजनाथापासून करू. शुभकार्याला निघताना देवाला सांगून निघावे हे बरे.

परळीची कथा दिवाळीला साजेशीच आहे. देवदानवांनी समुद्र घुसळला, त्यातून धन्वंतरी अमृताचा कलश घेऊन वर आला आणि दैत्यांच्या हाती काही लागू नये म्हणून विष्णूने धन्वंतरी आणि अमृत, दोन्ही या शिवलिंगात लपवले, असे येथे सांगतात. दैत्यांनी हात घातला तेव्हा ज्वाळा निघाल्या. भक्तांनी हात लावला तेव्हा अमृत पाझरले. म्हणून येथे लिंगाला स्पर्श करून दर्शन घेण्याची रीत पडली, आणि वैद्यांचा नाथ तो वैद्यनाथ. धनत्रयोदशीला घरोघर ज्या धन्वंतरीची पूजा होते त्याचा पत्ता विचारला तर परळीकर टेकडीकडे बोट दाखवील. झारखंडातले देवघर हेही वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग म्हणून मान सांगते. तो वाद पंडितांनी करावा. परळीच्या बाजारपेठेत तो कोणी काढू नये.

जुन्याच्या शोधात निघालेला अभ्यासू मनुष्य मात्र येथे थोडा हिरमुसतो. दगडी पायऱ्यांची प्रशस्त चढण, भक्कम तट, गाभाऱ्याच्याच पातळीवर असलेला सभामंडप, आणि त्यामुळे मंडपात उभे राहूनही होणारे दर्शन, हे सारे देखणे आहे. पण त्याला हवे असते हजार वर्षांचे, आणि समोर उभा असतो अहिल्याबाई होळकरांनी केलेला जीर्णोद्धार. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात होळकरांचा कारभार पाहिला आणि काशी, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर अशी ठिकठिकाणची देवस्थाने पुन्हा उभी केली. त्यांत परळी एक. आता जीर्णोद्धार म्हटला की जुने काही झाकले जाणार, काही काढले जाणार, काही नव्याने बसवले जाणार. अभ्यासकाची हळहळ खरी आहे. तरी मला वाटते की त्याने हळहळताना एवढे लक्षात घ्यावे: ज्या देवळाला अहिल्याबाई भेटली नाही, त्याचे काय झाले?

त्याचे उत्तर पाहायचे तर धर्मापुरीला जावे. परळीच्या दक्षिणेकडचे हे गाव आता लहान आहे, पण चालुक्यांच्या काळात येथे नांदते नगर होते. गावातले केदारेश्वराचे देऊळ अजून उभे आहे. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची रांग आहे आणि त्या भिंतीही सरळ न जाता कोनाकोनांनी पुढेमागे होतात, त्यामुळे उन्हाच्या प्रत्येक प्रहराला एखादी नवी मूर्ती उजेडात येते आणि एखादी सावलीत जाते. हे झाले वाचले त्याचे. जे वाचले नाही ते किल्ल्यात शोधावे. धर्मापुरीच्या किल्ल्याच्या भिंतीत पडलेल्या देवळांचे कोरीव दगड साध्या चिऱ्यांसारखे बसवलेले आहेत. गवंड्याला घडवलेला दगड आयता मिळाला आणि त्याने तो लावला. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. दगड तासायला किती घाम लागतो हे त्याला ठाऊक होते, आपल्याला नाही.

धर्मापुरी एका सकाळचे काम आहे. तेथून अंबाजोगाई गाठावी आणि मुक्काम तेथेच करावा.

अंबाजोगाई म्हणजे योगेश्वरीचे गाव. निजामाच्या राजवटीत याचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी असे. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आले, पुढे गावाला आपले जुने नाव परत मिळाले. कोकणस्थांची कुलस्वामिनी समुद्रापासून इतक्या लांब, बालाघाटाच्या डोंगरात कशी, हा प्रश्न दर पिढीत कोणी तरी विचारतो, आणि परशुरामाने कोकणातल्या आपल्या मंडळींसाठी मुली इकडून मागितल्या, त्या मुलींनी आपली देवी सोडली नाही, असे उत्तर त्याला मिळते. उत्तर ऐतिहासिक आहे की नाही हे बाजूला ठेवू. सासरी जाताना माहेरचा देव बरोबर न्यायचा, ही गोष्ट मराठी बायकांच्या बाबतीत कोणाला खोटी वाटणार आहे?

परंतु योगेश्वरीची दुसरी एक कथा आहे, ती आपल्या वाटेवरची. देवीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते. वऱ्हाड निघाले, हत्ती झुलले, वाजंत्री वाजली. पण मुहूर्ताची घटका टळली आणि उजाडले. वऱ्हाड होते तेथेच दगड झाले. देवी अंबाजोगाईत कुमारिका राहिली आणि वैजनाथ परळीत आपल्या टेकडीवर. दोघांत अंतर फार तर पंचवीस किलोमीटरचे, हल्लीच्या एस.टी.ने तासाभराचे.

ते दगड झालेले वऱ्हाड म्हणजे अंबाजोगाईचा हत्तीखाना. पोथीतले लोक त्याला शिवलेणी म्हणतात, जुन्या दप्तरांत जोगाईचा मंडप असेही नाव आढळते. गावालगत जमिनीच्या पातळीखाली उतरत जाऊन खडक कोरला आहे, त्यामुळे अगदी जवळ येईपर्यंत येथे काही असेल अशी शंकाही येत नाही. आत उतरले की मोकळे अंगण लागते. अंगणात नंदीचा मंडप, तोही अखंड खडकातून काढलेला. आणि दगडी हत्ती, ज्यांच्यावरून हे नाव पडले. मागे विस्तीर्ण मंडप. चार ओळींत बत्तीस खांब, आणि भिंतींवर नाचणारा शिव, गणपती, सप्तमातृका. वेरूळ पाहिलेल्या माणसाने येथे नाक मुरडू नये. वेरूळला राजांची तिजोरी होती. येथे तिजोरी बेताची दिसते, पण हात शिकलेला आहे.

मला स्वतःला येथे सर्वांत आवडतात ते हत्ती. अंगावरची झूल झिजली आहे, सोंडा खंडल्या आहेत, तरी त्यांची उभे राहण्याची ढब अशी आहे की मालक आत गेला आहे आणि आता येईल. लेणे कोरणारे लोक विसरले गेले, कोणत्या राजाने द्रव्य दिले ते विसरले गेले, देवाची पूजाही खंडली. तेव्हा गावाने या हत्तींसाठी एक लग्न रचले. कथा सांगणाऱ्या कुण्या म्हातारीने या जागेचे जे रक्षण केले तेवढे एखाद्या शिपायाच्या दंडुक्याने झाले नसते, असे मी म्हणेन. देवीच्या वऱ्हाडातल्या हत्तीचा दगड फोडून गोठ्याला लावायला कोणाचा हात धजेल?

आता कथेकडून लेखाकडे येऊ, कारण अंबाजोगाईला दगडावर लिहिलेला इतिहासही आहे आणि तो कथेहून कमी काळजाला हात घालणारा नाही.

देवगिरीच्या यादवांत सिंघण हा मोठा पराक्रमी राजा झाला. १२१० च्या सुमारास तो गादीवर आला आणि १२४६ पर्यंत त्याने राज्य केले. त्याचा एक सेनापती होता खोलेश्वर. जातीने ब्राह्मण, कामाने लढवय्या. विदर्भात त्याने सिंघणाच्या विरोधकांना जागेवर बसवले, गुजराथेत भडोचपर्यंत धडक मारली, आणि अंबे, म्हणजे आजची अंबाजोगाई, हे आपले ठाणे केले. लढाईतून सवड झाली की तो देवळे बांधी, अग्रहार वसवी. अंबाजोगाईचे सकलेश्वराचे देऊळ, ज्याला गावकरी खांब मोजून बाराखांबी म्हणतात, ते याच काळातले. तेथला शिलालेख शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८ चा आहे. आज तेथे पडझडच जास्त आहे. पण खांब असे कोरले आहेत की एकेका खांबापाशी मुले कंटाळेपर्यंत उभे राहावे. २०२४ साली राज्याच्या पुरातत्त्व विभागाने या आवारात खोदकाम केले तेव्हा मातीखाली आणखी दोन देवळांचे पाये लागले.

खोलेश्वराच्या गुजराथेतल्या स्वारीची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक आहे, हे विशेष. गुजराथचा कवी सोमेश्वर याने ‘कीर्तिकौमुदी’ नावाच्या आपल्या काव्यात सिंघणाची फौज येते आहे हे कळल्यावर लोकांची कशी गाळण उडाली ते वर्णिले आहे. नवे घर कोणी बांधायला घेईना, धान्य कोणी साठवीना. शेतातले पीक घरात आणण्याऐवजी जो तो गाडा मिळवण्याच्या खटपटीत. मोठमोठ्या विजयांची वर्णने ताम्रपटांत पुष्कळ सापडतात. पण घराचा पाया न घालता गाडा शोधणारा कुटुंबवत्सल मनुष्य इतिहासात क्वचित भेटतो. आपल्या सेनापतीचे कौतुक करताना त्या माणसाला विसरू नये.

आणि त्या विजयांचे मोल खोलेश्वराच्या घरानेही दिले. पुढच्या एका स्वारीत सैन्याचे आधिपत्य त्याचा मुलगा राम याच्याकडे होते. राम नर्मदेपर्यंत गेला. तेथे गुर्जर सैन्याशी लढाई झाली, त्याने पुष्कळ शत्रू मारले आणि तेथेच तो पडला. हे आपल्याला कळते ते अंबाजोगाईच्याच शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० च्या शिलालेखावरून. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपल्या दख्खनच्या इतिहासात या लेखाचा उपयोग केला, आणि पुढे ग. ह. खरे यांनी अंबाजोगाईचे लेख वाचून प्रसिद्ध केले. लेख कोरवला कोणी? राजाने नव्हे, बापानेही नव्हे. रामाची बहीण लक्ष्मी हिने. नर्मदेवर पडलेल्या भावाच्या स्मरणार्थ तिने अंब्याला देऊळ बांधले आणि देवाला भावाचेच नाव दिले: रामनारायण.

संस्कृत श्लोकांचा तो लेख आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यात वंशवर्णन आहे, शौर्याचे अलंकार आहेत, शत्रूंच्या माना उडाल्या आहेत. हे सारे कोणत्याही लेखात असते. परंतु एका सेनापतीच्या मुलीने हा खर्च केला, ही गोष्ट अलंकारांत बसणारी नाही. तिचे वय काय होते, ती सासरी होती की माहेरी, तिने भावाला शेवटचे कधी ओवाळले, यातले एक अक्षर दगडावर नाही. यमद्वितीयेला बहिणीने भावाला ओवाळावे आणि त्याला दीर्घायुष्य मागावे हा रिवाज लक्ष्मीच्या काळी नवा नव्हता. ज्याच्यासाठी मागायचे तो नर्मदेवर गेला. मग तिने दगडाकडे मागितले, आणि दगडाने दिले म्हणायला हरकत नाही: सातशे पंच्याऐंशी वर्षे लोटली, सिंघणाचे साम्राज्य बुडाले, देवगिरी पडली, त्यानंतर बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही आली आणि गेली, तरी राम नावाचा एक तरुण नर्मदेच्या काठी पडला ही गोष्ट आपण अजून सांगतो आहोत.

असले लेख महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांचे पुढे काय होणार याची धास्ती वाटावी अशी स्थिती आहे. शेंदराला मी भीत नाही. शेंदूर लागला की दगडाला देवत्व येते आणि तो जागचा हलत नाही. आमच्या खेड्यांत शेंदराने जेवढ्या मूर्ती राखल्या तेवढ्या कायद्याने राखल्या नसतील. भीती आहे ती उत्साहाची. वर्गणी गोळा होते, जुन्या खांबांना चकचकीत तैलरंग बसतो, फरशी बसते, आणि एखादा लेख फरशीच्या मागे असा जातो की दोन पिढ्यांनी त्याची आठवणही उरत नाही. खऱ्यांनी घेतले तसे ठसे कोणी घेऊन ठेवले असतील तर नशीब. आपल्या गावच्या देवळाचे काम निघाले, तर गवंडी यायच्या आधी मुलांना बरोबर घेऊन भिंती एकदा नीट पाहाव्यात आणि अक्षरे दिसतील त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वाढदिवसांच्या पाचशे चित्रांत ही पाच खपून जातील.

अंबाजोगाईत आणखी दोन ठिकाणी थांबल्याशिवाय मराठी माणसाला निघता यायचे नाही. गावाबाहेर डोंगराच्या उतारावर मुकुंदराजांची समाधी दाखवतात. ‘विवेकसिंधु’ हा त्यांचा ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात आणि त्यावरून त्यांना मराठीचा आद्य कवी म्हणतात. काळाबद्दल आणि स्थळाबद्दलही विद्वानांत वाद आहेत. विदर्भातले अंभोरे त्यांच्यावर हक्क सांगते. दरीकडे तोंड करून घटकाभर बसले की वादाची फारशी आठवण राहत नाही, इतके सांगून पुढे जातो. दुसरे ठिकाण दासोपंतांचे. सोळाव्या शतकात जन्मलेला आणि १६१५ साली येथेच देह ठेवलेला हा कवी लिहिण्याच्या बाबतीत कोणाला हार जाणारा नव्हता. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, अशी परंपरा. रोज ढबू पैशाची शाई त्यांना लागे असे म्हणतात. कागद पुरेना की काय न कळे, पण पंचीकरणावरचा आपला एक ग्रंथ त्यांनी चक्क कापडावर उतरवला. ती पासोडी अंबाजोगाईत आजही जपलेली आहे. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी ४ फूट. घरातल्या बायकांना हे सांगितले तर त्या आधी कापडाचा पोत विचारतील. आणि तेच बरोबर आहे, कारण या भागाचे नाव जगात गेले ते कापडामुळेच.

ते पाहायला तेरला जावे लागते. अंबाजोगाईहून दक्षिणेला दोन-अडीच तासांची वाट आहे. गाव धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठचे. गोरोबाकाकांचे तेर म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक आहे. इतिहासाच्या लोकांना मात्र ते फार उशिरा सापडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर, असे तो सांगतो. तगराहून जाडेभरडे कापड, तलम मलमल आणि आणखी कित्येक जिनसा गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जातात. तगर हे नाव पुढेही गाजत राहिले. कोकणचे शिलाहार राजे स्वतःला मोठ्या अभिमानाने तगर नगराचे अधिपती म्हणवीत. पण तगर म्हणजे कोणते गाव? कोणी जुन्नर म्हटले, कोणी दौलताबाद. भांडारकरांनी बीड जिल्ह्यातल्या धारूरकडे बोट दाखवले. शेवटी १९०१ मध्ये फ्लीट या विद्वानाने तगर म्हणजे तेर असे मांडले, आणि मातीने त्याची साक्ष दिली.

भडोच हे नाव वाचून चमकायला झाले असेल. ज्या वाटेने तेरचे कापड भडोचला गेले, बाराशे वर्षांनी त्याच दिशेला खोलेश्वराचे घोडे गेले, आणि तिकडच्या माणसांना पळण्यासाठी पुन्हा गाडेच आठवले.

कापड गेले, त्याच्या बदल्यात काय आले? भडोचच्या आयातीत तोच व्यापारी दारू, तांबे, कथील, शिसे यांच्या जोडीला पोवळे सांगतो. हे पोवळे भूमध्य समुद्राचे. प्लिनी हा रोमन ग्रंथकार त्याच शतकातला. उत्तम पोवळे कोठे निघते ते सांगताना तो गॉलच्या किनाऱ्याबरोबर सिसिली बेटाकडच्या समुद्राचे नाव घेतो, आणि आपल्या बायकांना हिंदुस्थानच्या मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच हिंदी लोकांना आमच्या पोवळ्यांचे, असे सांगतो. आजीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांमध्ये लाल पोवळे असे, ते पाहिलेल्यांनी सिसिली आपल्याला परकी आहे असे म्हणू नये.

तेरला १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केले, नंतरही वेळोवेळी झाले. सातवाहन काळाचे थर निघाले. रोमन नाण्यांच्या नकलेवरून केलेल्या मातीच्या मुद्रा निघाल्या, दिवे निघाले, मण्यांना तर गणती नाही. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिची हकीगत ऐकण्याजोगी आहे. १९३८ साली इटलीत पाँपेई येथे अशीच एक वीतभर उंचीची हिंदी हस्तिदंती मूर्ती सापडली होती. पाँपेई हे गाव इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती मूर्ती त्याआधी तेथे पोहोचली हे नक्की. बहुधा आरशाची मूठ असावी. तिच्या जातीची मूर्ती तेरला, आणि तिसरी एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला निघाल्यावर पाँपेईच्या बाईचे माहेर मराठवाड्यात असावे असे अभ्यासक म्हणू लागले. त्याच स्फोटात प्लिनीही मेला. पोवळ्याची हकीगत लिहिणारा आणि हस्तिदंताची बाई, दोघे एकाच राखेत सापडली. तिकडून पोवळे येत होते, इकडून बाई गेली होती.

तेरमध्ये पाहण्यासारखे सर्वांत जुने उभे बांधकाम म्हणजे त्रिविक्रमाचे देऊळ. पुढचा मंडप नंतरचा, सपाट. मागचे मूळ घर विटांचे, पाठीमागे अर्धगोल आणि वर गजपृष्ठासारखे छप्पर. कार्ल्या-भाज्याची लेणी ज्यांनी पाहिली त्यांना ते घाट ओळखीचे वाटेल. हे मुळात बौद्धांचे चैत्य असावे असे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिले. नंतरच्या काही विद्वानांनी ते पहिल्यापासून देवाचेच असावे अशी हरकत घेतली. मला कझिन्सचे म्हणणे पटते, पण त्यावर मी पैज लावणार नाही. महत्त्वाचे असे की विटांचे घर इतकी शतके उभे राहिले, ते आत त्रिविक्रम उभा होता, रोज दिवा लागत होता, गळती झाली तर कोणी तरी वर चढून बुजवत होते म्हणून. ओसाड राहिलेल्या तेरच्या विटा गावाच्या घरांत गेल्या. सिसिली बेटावर सिराक्यूज शहरात अथीना देवीचे अडीच हजार वर्षांचे ग्रीक देऊळ आहे, त्याचेही असेच झाले. सातव्या शतकात ख्रिस्ती लोकांनी खांबांमधल्या जागा भिंतींनी बुजवून त्याचे चर्च केले, आणि आज त्या भिंतींतून ते जाड खांब बाहेर डोकावत उभे आहेत. बाकीची कित्येक देवळे तेथेही चिऱ्यांची खाण झाली. परळीच्या पायऱ्यांवर हिरमुसलेल्या अभ्यासकाला मी एकदा सिराक्यूजला आणि एकदा तेरला धाडीन.

तेरच्या विटा हलक्या आहेत. इतक्या, की पाण्यात टाकल्या तर तरंगतात. मातीत तूस मिसळून भाजल्यामुळे त्या सच्छिद्र होतात. गोरोबाकाकांच्या गावाला हे शोभणारेच. सगळ्या संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते सांगणारा हा कुंभार, आणि नामदेव कच्चा ठरल्याची ती गोष्ट, येथलीच. समाधीचे दर्शन घेऊन मग संग्रहालयाकडे वळावे.

हे संग्रहालय तेरच्याच एका गृहस्थाच्या छंदातून उभे राहिले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, शेतांतून, टेकड्यांवरून जुन्या वस्तू गोळा करायला आरंभ केला. लोक खापऱ्या म्हणून फेकत ते त्यांनी घरात मांडले, आणि पुढे तो हजारो वस्तूंचा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला. मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंत, अकीकाचे आणि काचेचे मणी, उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट, असे सारे आता कपाटांत नीट आहे. मुलांना मातीच्या बाहुल्यांपाशी सोडावे; केसांच्या चापलेल्या पट्ट्या, कानांतली जड कुंडले आणि डोळ्यांतले मिस्कील हसू पाहून ती आपणहून नावे ठेवू लागतात.

दुपार उतरल्यावर नदीकडच्या टेकड्यांवर एक चक्कर मारावी. पावसाने माती धुऊन गेली की तेरला अजून मणी वर येतात, खापरांचे तुकडे तर पावलोपावली. एखादा मणी दिसला तर तो खिशात घालून मुंबई-पुण्याला आणू नये. संग्रहालयात नेऊन द्यावा, आणि कोणत्या टेकडीवर, कोणत्या अंगाला, किती वर सापडला ते तेथे लिहून घ्यायला सांगावे.